'टाऊन' या शब्दाचे कुंपण

गेल्या महिन्यात माझी भाची अनुवादाचा सराव करायला माझ्याकडे नागपुरातल्या मानेवाड्याला येऊन बसली होती. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि इंग्रजी उतारे मराठीत आणण्याचा अभ्यास मनापासून करते. त्या दिवशीच्या उताऱ्यातले एक वाक्य अगदी साधे होते: एका शेतकऱ्याची मुलगी सांगते की त्या सकाळी तिचे वडील कोंबड्या विकायला 'टाऊन'ला गेले होते. भाचीने आधी 'शहरात' लिहिले आणि खोडले, मग 'गावात' लिहिले आणि तेही खोडले. "आत्या, शहर लिहिलं तर लंडनला गेल्यासारखं वाटते, आणि गाव लिहिलं तर ते राहतातच गावात. मग लिहू काय?" असे तिने विचारले, आणि मी तिला लगेच उत्तर देऊ शकले नाही.

हाच प्रश्न मला फार वर्षांपूर्वी भिवापूरला एका विद्यार्थ्याने वेगळ्या शब्दांत विचारला होता. उमरेड आणि भिवापूर तालुक्यांतील मराठी शाळांमध्ये मी इंग्रजी शिकवत असे, आणि फळ्यावर शब्दार्थ लिहून देण्याची तेव्हाची पद्धत मीही पाळत असे: 'व्हिलेज' म्हणजे खेडे, 'टाऊन' म्हणजे शहर, 'सिटी' म्हणजे मोठे शहर. सहावीतला एक मुलगा उभा राहून म्हणाला, "मॅडम, मग आमचं भिवापूर व्हिलेज आहे का टाऊन?" भिवापुरात तहसील कार्यालय होते, बसस्थानक होते, नागपूरहून नागभीडला जाणारी नॅरोगेजची गाडी तिथे थांबत असे आणि मिरचीच्या हंगामात बाजारात लाल ढीग लागत असत, पण गावाचा कारभार ग्रामपंचायतीकडे होता आणि वस्तीच्या शेवटच्या घरापासून पन्नास पावलांवर शेत सुरू होत असे. मी त्याला 'टाऊन' असे सांगून धडा पुढे नेला. ते उत्तर चुकीचे नव्हते, परंतु अपुरे होते, आणि त्याची जाणीव मला आजपर्यंत आहे. भाचीच्या खोडाखोडीमुळे मी हा शब्द पुन्हा नीट पाहायला घेतला.

या शब्दाचे जुने इंग्रजी रूप 'टून' असे होते आणि त्याचा मूळ अर्थ होता कुंपण घातलेली जागा. एका कुटुंबाचे घर, त्याचा गोठा, त्याचे खळे आणि त्याभोवतीचे कुंपण, एवढ्याला 'टून' म्हणत. त्याच कुळातला जर्मन शब्द आजही कुंपण या अर्थाने वापरतात, डच भाषेत तोच शब्द बागेला लावतात आणि आइसलँडमध्ये घराजवळच्या गवताच्या राखीव शेताला. म्हणजे एका भाषेने कुंपण ठेवले, दुसरीने कुंपणाच्या आतली बाग ठेवली, तिसरीने आतले गवत ठेवले आणि इंग्रजीने आत राहणारी माणसे ठेवली. कुंपणातले एक घर वाढून दहा घरे झाली, दहांची शंभर झाली, आणि शब्द मात्र तोच राहिला. इंग्लंडच्या नकाशावर 'टन' या अक्षरांनी संपणारी जी शेकडो नावे दिसतात, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी हेच 'टून' आहे: नॉर्टन म्हणजे उत्तरेकडचे, सटन म्हणजे दक्षिणेकडचे, न्यूटन म्हणजे नवे, किंग्स्टन म्हणजे राजाचे. वॉशिंग्टन हेही आधी इंग्लंडमधल्या एका गावाचे नाव होते, मग ते आडनाव झाले आणि पुढे एका देशाच्या राजधानीचे नाव झाले. आपल्या विदर्भाशी संबंध असलेले एक उदाहरण मला इथे आठवते. १८०३ मध्ये अकोला जिल्ह्यातील अडगावच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली पुढे ज्या पदवीने जगभर ओळखला गेला, ती 'वेलिंग्टन' ही पदवी सॉमरसेटमधल्या एका टाऊनच्या नावावरून घेतलेली होती.

हे वाचत असताना माझ्या मनात सतत एक मराठी शब्द येत होता, आणि तो 'शहर' नव्हता. तो होता 'वाडी'. संस्कृतमध्ये 'वाट' या शब्दाचा एक अर्थ कुंपण किंवा कुंपण घातलेली जागा असा आहे. त्यातून आपला 'वाडा' आला आणि 'वाटिका' या रूपातून 'वाडी' आली. कोकणात वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग, देशावर वाडी म्हणजे मूळ गावापासून सुटून वसलेली थोडी घरे, आणि वाडा म्हणजे भिंतींच्या आत चौक असलेले मोठे घर. कुंपण, बाग, घर आणि वस्ती हे चारही अर्थ जसे 'टून'च्या कुळात वेगवेगळ्या भाषांत विखुरलेले आहेत, तसेच ते 'वाट', 'वाडा', 'वाडी' या कुळात आपल्याकडे आहेत. या दोन शब्दांत रक्ताचे नाते नाही, तरीही माणसाची रीत दोन्हीकडे एकच दिसते: आधी जागा वेढायची, मग त्या वेढलेल्या जागेला नाव द्यायचे, आणि वेढा मोडून कितीही पुढे गेले तरी ते नाव सोडायचे नाही. माझे स्वतःचे घर मानेवाड्यात आहे, वर्धा रस्त्याला सोमलवाडा आहे आणि अमरावती रस्त्याला नुसती 'वाडी' आहे. या तिन्ही ठिकाणी आज कुंपण शोधून सापडणार नाही, परंतु नावात ते अजून उभे आहे.

'पूर' या शब्दाचीही हीच कथा आहे. प्राचीन संस्कृतमध्ये 'पुर्' म्हणजे तटबंदी, तटाने वेढलेले ठिकाण. वेदांत इंद्राला पुरंदर म्हटले आहे ते शत्रूंचे असे कोट फोडणारा म्हणून. नागपूरचा इतिहास या अर्थाशी फार जवळून जुळतो. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास 'राजापूर बारसा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा छोट्या वस्त्या एकत्र आणून हे नगर वसवले, आणि त्याचा मुलगा चांद सुलतान याने त्याला आपली राजधानी करून भोवती तट बांधला आणि जुम्मा तलाव केला, ज्याला आपण आज गांधीसागर म्हणतो. त्या तटाचा जुम्मा दरवाजा महालाकडे जाताना अजून दिसतो; त्याला आता गांधी गेट म्हणतात आणि त्याखालून दिवसभर दुचाक्या जात असतात. बारा टोल्या होत्या तोवर ती खेडी होती आणि त्यांच्याभोवती तट आल्यावर ते नगर झाले, असे म्हटले तर इंग्रजीतल्या 'टाऊन'च्या मूळ अर्थाची व्याख्याच सांगितल्यासारखे होते. लोकसंख्या किती वाढली, हा प्रश्न तेव्हा दुय्यम होता; आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरणे महत्त्वाचे होते.

आणि इथे मला थांबावे लागते, कारण मराठी माणसाने कुंपणाविषयी लिहावे आणि गावकुसाविषयी गप्प राहावे, हे मला पटत नाही. आपल्या भाषेत 'गावकुसाबाहेर' हा शब्द आहे आणि तो कोणाच्या वस्तीसाठी वापरला गेला, हे आपल्याला सांगावे लागत नाही. इंग्रजी 'टून'च्या कुंपणाने जनावरे आत ठेवली आणि लांडगे बाहेर ठेवले. आपल्या गावकुसाने माणसे बाहेर ठेवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवीकरणावर जी कठोर टीका केली, तिच्यामागे हे गावकूस होते. नागपूरच्या संदर्भात हा केवळ विचारांचा विषय नाही. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, तिच्यामागोमाग दुसऱ्या गिरण्या आल्या, आणि आसपासच्या खेड्यांतील गावकुसाबाहेरची कितीतरी कुटुंबे गिरणीच्या कामासाठी नागपुरात आली. त्यांच्यासाठी शहर म्हणजे जिथे पगार हातात मिळतो आणि रस्त्यावरून चालताना बाजूला व्हावे लागत नाही, अशी जागा होती. ती आशा पूर्णपणे खरी ठरली असे म्हणता येणार नाही, तरी तिच्यामुळे लोक निघाले, हे खरे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ चा दीक्षा सोहळा याच नगरात झाला. म्हणून 'टाऊन'चे भाषांतर करताना मला असे वाटते की इंग्रजी कथेत 'टाऊन'ला जाणारा माणूस कोण आहे हे आधी पाहावे, कारण एकाच ठिकाणी जाणाऱ्या दोन माणसांच्या मनात त्या ठिकाणाचा अर्थ एकच असेल असे नाही.

कुंपणानंतर या शब्दाला जो दुसरा मोठा अर्थ मिळाला तो बाजाराचा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आठवडी बाजार भरवण्याचा हक्क राजाच्या सनदेने मिळत असे आणि असा हक्क असलेल्या गावाला 'मार्केट टाऊन' म्हणत. आपल्या जुन्या कागदपत्रांत हाच भेद 'मौजे' आणि 'कसबे' या दोन शब्दांनी दाखवला जाई. मौजे म्हणजे शेतीचे साधे गाव, आणि कसबे म्हणजे परगण्याचे मुख्य ठिकाण, जिथे बाजार भरतो, कारागीर राहतात आणि सरकारी अंमलदार बसतो. माझ्या मते 'टाऊन'ला मराठीत इतका नेमका जुना प्रतिशब्द दुसरा नाही. दुर्दैवाने 'कसबा' आता पुण्याच्या एका पेठेच्या नावात आणि काही गावांच्या नावांत उरला आहे, बोलण्यात उरलेला नाही. 'मौजा' मात्र नागपुरात जिवंत आहे. आपल्या घराचे विक्रीपत्र काढून पाहा: आपण राहतो उपराजधानीत, परंतु कागदावर 'मौजा सोमलवाडा, खसरा क्रमांक अमुक' असेच लिहिलेले असते, म्हणजे जमिनीच्या दप्तरात ते शेतीचे गाव अजून मिटलेले नाही. जुन्या नागपुरात बाजाराची खूण वारांच्या नावांत राहिली: इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी. अमरावती रस्त्यावर पुढे गेले की एका गावाचे नावच बाजारगाव आहे.

'टाऊन' आणि 'सिटी' यांच्यातील फरक लोकसंख्येवर अवलंबून असतो, असे मी कित्येक वर्षे शिकवले, परंतु हा शब्द जिथला आहे त्या ब्रिटनमध्ये तसे नाही. तिथे 'सिटी' हा दर्जा राजसत्ता देते, आणि पूर्वी त्याचा संबंध मोठ्या चर्चशी, म्हणजे कॅथीड्रलशी होता. वेल्समधील सेंट डेव्हिड्सची वस्ती दोन हजारांच्याही आत आहे आणि ती सिटी आहे. रेडिंगमध्ये दीड लाखाहून अधिक लोक राहतात आणि ते टाऊन आहे. २०२२ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सत्तराव्या वर्षानिमित्त मिल्टन कीन्स, कोलचेस्टर, डॉनकास्टर अशा आठ ठिकाणांना सिटीचा दर्जा मिळाला, तेव्हा तिथल्या वस्तीत एका रात्रीत काही बदल झाला नव्हता.

भारत सरकारने मात्र 'टाऊन'ला आकड्यांत बांधले आहे, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यावर लोकांचे हक्क अवलंबून आहेत. जनगणनेत दोन प्रकारचे टाऊन धरतात. जिथे महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा छावणी मंडळ आहे, ते पहिल्या प्रकारचे, म्हणजे कायद्याने ठरलेले. दुसरा प्रकार म्हणजे 'सेन्सस टाऊन'. ज्या गावाची लोकसंख्या किमान ५,००० आहे, जिथे मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के पुरुष शेतीबाहेरच्या कामात आहेत आणि जिथे दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे राहतात, ते गाव जनगणनेच्या दृष्टीने टाऊन होते, मग तिथे ग्रामपंचायत का असेना. २००१ मध्ये देशात अशी १,३६२ ठिकाणे होती आणि २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. या व्याख्येतील एका शब्दावर माझे मन अडते. 'पुरुष' हा तो शब्द. ज्या गावातले पुरुष एमआयडीसीत जातात आणि ज्या गावातल्या बाया अजून धान रोवायला आणि कापूस वेचायला जातात, ते गाव या हिशेबात सहज टाऊन ठरते, कारण बायांचे काम त्यात मोजलेलेच नाही. मी ज्या गावांत शिकवले, तिथे वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आया शेतात असत. त्यांना विचारले असते तर त्यांनी आपल्या गावाला टाऊन म्हटले नसते.

या दोन प्रकारांमध्ये अडकलेल्या गावाची स्थिती कठीण असते. तिथे वस्ती शहरासारखी दाट होते, सांडपाणी शहराइतके वाहते, कचरा शहराइतका साचतो, परंतु ते सांभाळायला ग्रामपंचायतीचे मनुष्यबळ आणि ग्रामपंचायतीचा पैसा असतो. उलट नगरपंचायत किंवा नगरपरिषद झाली की ग्रामसभा जाते, रोजगार हमीच्या कामांचा ग्रामीण कायदा लागू राहत नाही आणि कर वाढतो. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-क्यूमध्ये ग्रामीणातून नागरीकडे जाणाऱ्या संक्रमणाच्या क्षेत्रासाठी नगरपंचायत, लहान नागरी क्षेत्रासाठी नगरपरिषद आणि मोठ्या नागरी क्षेत्रासाठी महानगरपालिका अशी तीन रूपे दिली आहेत. 'संक्रमण' हा शब्द तिथे फार प्रामाणिक आहे. आपल्या राज्यात २०१४ नंतर तालुक्यांच्या अनेक मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, आणि त्यांत भिवापूरही होते. म्हणजे त्या सहावीतल्या मुलाला मी जे उत्तर घाईने दिले, ते शासनाने कितीतरी वर्षांनी दिले.

अमरावती रस्त्यावरची वाडी हे याहूनही बोलके उदाहरण आहे. ती २०११ च्या जनगणनेत सेन्सस टाऊन होती, म्हणजे मोजणीत नागरी आणि कारभारात ग्रामपंचायत. त्यानंतर तिथे नगरपरिषद आली. ज्या ठिकाणाचे नाव कुंपणातली चार घरे असे सांगते, त्या ठिकाणाने आधी लोकांच्या मोजणीत आणि मग कायद्यात टाऊन होणे, हा इंग्रजी 'टून'चा हजार वर्षांचा प्रवास आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा घडल्यासारखे आहे. त्याच जनगणनेत २४,०५,६६५ लोकसंख्येचे नागपूरसुद्धा टाऊनच्याच यादीत होते, कारण जनगणनेच्या भाषेत लाखाच्या वर गेलेल्या टाऊनलाच सिटी म्हणतात.

नागपूरकरांच्या रोजच्या बोलण्यात 'टाऊन' सुटा शब्द म्हणून फारसा येत नाही, परंतु जोडशब्दांत तो सतत असतो. महालातला टाऊन हॉल, जिथे महानगरपालिकेची सभा भरत आली आहे, तो सर्वांना ठाऊक आहे. याहून जास्त वेळा हा शब्द एका अक्षरात लपून येतो. बेसा, हुडकेश्वर, जामठा या बाजूंना रस्त्याच्या कडेला प्लॉटच्या जाहिराती लागतात, त्यांवर 'एनए-टीपी ले-आउट' असे लिहिलेले असते. त्यातले 'एनए' म्हणजे जमीन अकृषिक झालेली आणि 'टीपी' म्हणजे टाऊन प्लॅनिंगची मंजुरी मिळालेली. प्लॉट घेणारा माणूस, मग तो रिक्षा चालवणारा असो की बँकेत काम करणारा, 'टीपी आहे का?' हे आधी विचारतो. नागपूर सुधार प्रन्यासाच्या यादीतल्या, मंजुरीशिवाय पडलेल्या '५७२ ले-आउट' आणि '१९०० ले-आउट' या आकड्यांनी ज्यांची आयुष्ये टांगणीला लावली, त्यांना या 'टी'ची किंमत समजावून सांगावी लागत नाही. आमच्याही गल्लीत काही वर्षे रस्ता आणि गटार आले नव्हते, कारण ले-आउट पाडणाऱ्याने मंजुरीशिवाय प्लॉट विकले होते. माझे पती दर पावसाळ्यात सायकल हातात धरून चिखलातून डांबरी रस्त्यापर्यंत जात. त्या वेळी मला कळले की कागदावरचे टाऊन आणि पायाखालचे टाऊन यांत किती अंतर असू शकते. नियोजनाच्या बाबतीत आपल्या शहराला एका मोठ्या माणसाचे पाय लागलेले आहेत: स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस यांनी शंभर वर्षांपूर्वी भारतातील अनेक नगरांची पाहणी केली आणि त्यांत नागपूरही होते. जुनी दाट वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याला त्यांचा विरोध होता. घरे, विहिरी, झाडे, देवळे पाहत पायी फिरावे आणि जिथे खरोखर गरज आहे तिथेच थोडे काढावे, असे त्यांचे म्हणणे होते. टाऊन प्लॅनिंग या शब्दांत इतका कळवळा असू शकतो, हे त्यांच्यामुळे समजते.

'टाऊनशिप' हा शब्द प्रत्येक देशात वेगळा झाला आहे. अमेरिकेत १७८५ च्या कायद्याने जमीन मोजताना सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा जो चौकोन आखला त्याला टाऊनशिप म्हटले, मग तिथे एकही घर नसो. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या शहराबाहेर कृष्णवर्णीयांना ज्या वस्त्यांत राहायला भाग पाडले त्यांना टाऊनशिप म्हटले, आणि सोवेटो हे नाव 'साउथ वेस्टर्न टाऊनशिप्स' याच शब्दांच्या आद्याक्षरांतून तयार झाले. आपल्याकडे फाटक, पहारेकरी आणि भोवती भिंत असलेल्या महागड्या वसाहतीला टाऊनशिप म्हणतात. एकाच शब्दात एके ठिकाणी बाहेर ठेवलेले लोक आहेत आणि दुसऱ्या ठिकाणी इतरांना बाहेर ठेवणारे लोक आहेत, आणि दोन्हीकडे कुंपण आहे.

इंग्रजी बोलणारे लोक 'टाऊन' शब्दाच्या आधी पुष्कळदा 'अ' किंवा 'द' असे कोणतेही उपपद लावत नाहीत, आणि हा वापर विद्यार्थ्यांना हमखास अडतो. 'मी टाऊनला गेलो होतो' असे म्हणताना कोणते टाऊन हे सांगायचे नसते. ते दोघांनाही ठाऊक असलेले, जवळचे, खरेदीचे ठिकाण असते. मुंबईत उपनगरातला माणूस 'टाऊनला जातो' म्हणतो तेव्हा त्याला दक्षिण मुंबईच म्हणायची असते. मी विद्यार्थ्यांना हे समजावताना नागपूरचेच उदाहरण देत असे. आपण 'बर्डीवर जाऊन येतो' म्हणतो, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात. त्यात सीताबर्डीचा किल्ला येत नाही, १८१७ ची लढाई येत नाही, त्यात फक्त मुलांचे कपडे, वह्या-पुस्तके, चष्म्याची काच आणि परतीची बस येते. प्रत्येक शहराच्या लोकांना अशी एक 'बर्डी' असते, आणि उपपदाशिवायचे टाऊन म्हणजे तीच. 'टॉक ऑफ द टाऊन' किंवा 'घोस्ट टाऊन' यांसारखे वाक्प्रचार शब्दकोशात सहज मिळतात, त्यांच्यावर वेळ घालवण्याची गरज नाही. 'ओसाड गाव' आणि तिथल्या जमिनीच्या दप्तरातली 'रिठी' हे शब्द विदर्भातल्या वाचकाला पुरेसे आहेत.

'होम टाऊन' या शब्दाविषयी मात्र मला लिहायलाच हवे. माझे वडील नागपुरातल्या केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून होते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना प्रवास सवलतीसाठी आपले 'होम टाऊन' लेखी जाहीर करावे लागते. बाबांनी त्या रकान्यात कुही तालुक्यातल्या आमच्या खेड्याचे नाव लिहिले होते, जिथे तेव्हा शंभर घरेही नव्हती आणि बसमधून उतरून पुढे चालत जावे लागे. लहानपणी मी त्यांना विचारले होते की आपले गाव टाऊन नाही, मग तुम्ही असे कसे लिहिता. ते म्हणाले, "बाई, सरकार मला विचारते की तुझं गाव कोणतं. मी माझं गाव लिहिलं." आज विचार करताना मला वाटते की त्यांनी त्या शब्दाचे अगदी अचूक भाषांतर केले होते. मराठीत 'तुमचं गाव कोणतं?' या प्रश्नाला मुंबई, पुणे, नागपूर असे कोणतेही उत्तर चालते, कारण त्या 'गाव'मध्ये आकार नाही, आपलेपणा आहे. 'ग्राम' या मूळ शब्दाचा वेदकाळातला अर्थही जागेपेक्षा माणसांशी जवळचा होता: एकत्र चालणारा, एकत्र राहणारा जनसमूह; 'संग्राम' या शब्दात असे दोन समूह समोरासमोर आलेले अजून दिसतात. इंग्रजांचा शब्द कुंपणापासून निघाला आणि आपला शब्द माणसांपासून निघाला, आणि 'होम टाऊन' व 'गाव' या दोन शब्दांपाशी ते एका अर्थावर येऊन मिळाले.

हे सगळे मी भाचीला दोन दिवसांत थोडे थोडे सांगितले. ती शांतपणे ऐकत होती आणि मधूनमधून वहीत लिहून घेत होती. 'कसबा' तिला आवडला, पण तिच्या वर्गात तो कोणाला कळणार नाही, असे ती म्हणाली, आणि ते खरे होते. 'बाजाराला' असेही एकदा लिहून पाहिले. पण उताऱ्यात पुढे त्या मुलीचे वडील कोंबड्या विकून झाल्यावर कज्जाच्या तारखेला कचेरीत जातात, त्यामुळे नुसता बाजार पुरेसा नव्हता. मग तिने विचारले, "आत्या, आजोबा खेड्यावरून निघाले की कुहीला जायचे, तेव्हा घरात काय म्हणायचे?" मी सांगितले. तिने वाक्य पुन्हा लिहिले आणि या वेळी खोडले नाही: 'त्या सकाळी माझे वडील कोंबड्या विकायला तालुक्याला गेले होते.'